हॉर्न दिला की जागा उशिरा मिळते

परवा मॉलच्या पार्किंगमध्ये एक काका निघत होते. मी इंडिकेटर लावून थांबलो, वर हॉर्न दिला. काका निवांत आरसा पुसत बसले! मी चिडलो. मग जुनं वाचत बसलो.

१९३५च्या जुलैत अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीत, पहिलं पार्किंग मीटर लागलं. दुकानांसमोर गाड्या दिवसभर अडून राहायच्या, गिऱ्हाइकाला जागाच नसायची. म्हणून पाच सेंटचं नाणं टाका, तासाभराने जागा दुसऱ्याला द्या.

वेळ मीटरने मोजली, पण मन? १९९७ साली बॅरी रुबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्याचा अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्याच एका मॉलमध्ये कुणी ताटकळत नसेल तर माणूस सरासरी ३२ सेकंदांत निघायचा. कुणी थांबलं असेल तर ३९. हॉर्न दिला तर ४३!

म्हणजे निघता निघताच जागा जास्त ‘आपली’ वाटते. आता मी दोन गाड्या मागे थांबतो, गप्प. आणि कुणी माझ्यासाठी थांबलं, तर आरसा घरी पुसतो.