सगळ्या समाजांतून देणगीदार कसे मिळतात?

गावात ग्रंथालय, वसतिगृह किंवा रुग्णवाहिका सुरू करायचं ठरलं की पावतीपुस्तकं छापली जातात. ती कार्यकर्त्यांच्या भावकीत, गल्लीत आणि ओळखीच्या दुकानांत फिरतात. काम सगळ्यांसाठी असलं तरी देणगीदारांची यादी एकाच समाजाची होते. मग बाकीच्यांना ती संस्था 'त्यांची' वाटते आणि गरज असूनही काही घरं तिच्या दारात जात नाहीत.

मुष्टिफंड काय होता?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुलं एकत्र राहत आणि जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. मुलांच्या जेवणासाठी मुष्टिफंड ही पद्धत वापरली गेली. घरातल्या धान्यातून एक मूठ संस्थेसाठी बाजूला काढायची. मूठभर धान्य गरीब घरालाही देता येतं. त्यामुळे देणगीदार होण्यासाठी श्रीमंत असण्याची अट उरली नाही.

परंड्यासारख्या तालुक्यात काय दिसतं?

परंडा तालुक्यात डोमगावला कल्याण स्वामींची समाधी आहे, सोनारीला काळभैरवनाथाचं देवस्थान आहे आणि परंडा शहरात ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा आहे. यात्रा, उरूस, सप्ताह, जयंती यांच्या निमित्ताने देण्याची सवय प्रत्येक समाजात असते, फक्त रीत वेगळी असते. मुस्लिम कुटुंबं ठरावीक मर्यादेवरच्या बचतीतून अडीच टक्के जकात काढतात. जकात कोणाला द्यायची याचे नियम आहेत, सदका मात्र कोणत्याही गरजूला देता येतो. लिंगायतांमध्ये दासोहाची परंपरा आहे, तर व्यापाऱ्यांमध्ये धर्मादायाची.

संस्थेने काय करावं?

• विश्वस्त मंडळात वेगवेगळ्या समाजांतील लोक घ्यावेत आणि खर्चाचे निर्णय त्यांच्यासोबत व्हावेत. फक्त फोटोपुरतं बोलावलं तर लोकांना ते कळतं.
• वस्तीत मागायला त्या वस्तीतलीच विश्वासाची व्यक्ती जावी. गरज असेल तिथे पत्रक उर्दूतही असावं.
• वेळ पाहावी. रमजानमध्ये मुस्लिम घरांत दानाकडे विशेष लक्ष असतं. सुगीत शेतकऱ्याच्या घरी धान्य असतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मात्र हंगामात गावात नसतात.
• धान्य, श्रम आणि रक्तदान यांचीही नोंद देणगीदारांच्या यादीत व्हावी.
• पावतीवर जात किंवा धर्म विचारू नये. कोणत्या वस्तीतून किती घरं जोडली गेली, एवढं पाहिलं तरी उणीव दिसते.
• जमाखर्च सर्वांना दिसेल अशा जागी लावावा.

कायदा काय सांगतो?

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जी ने देणगीवरच्या करसवलतीसाठी एक अट घातली. एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी काढलेल्या संस्थेला ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलांसाठीच्या संस्थांचा मात्र याला अपवाद आहे. म्हणजे लाभार्थी कोण, हे कायदा पाहतो. देणगीदार कोण, हे संस्थेलाच पाहावं लागतं.

ज्या वस्तीतून आजवर एकही पावती फाटलेली नाही, तिथे मागायला कोणी गेलं होतं का, हे आधी तपासावं. बऱ्याचदा लोकांनी नकार दिलेला नसतो, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.