रातांधळे उंदीर आणि माणसाचे डोळे

मखरातल्या बाप्पांच्या पायाशी उंदीरमामा असतोच. आरतीच्या गडबडीत त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पण घराण्यात उतरणाऱ्या अंधत्वाचे कारण शोधताना वैद्यकशास्त्राला मोठी मदत झाली ती उंदराचीच. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात क्लाइड कीलर हे तरुण संशोधक उंदरांच्या डोळ्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. काही डोळ्यांत दृष्टिपटलावरच्या दंडाकार पेशीच त्यांना दिसल्या नाहीत. अंधुक उजेडात पाहण्याचे काम याच पेशी करतात. कीलर यांनी हा शोध १९२४ साली प्रसिद्ध केला. पुढे त्यांचे उंदीर नामशेष झाले. १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये ब्रुकनर यांना तशाच दोषाचे उंदीर आढळले. या उंदरांत नेमके कोणते जनुक बिघडले आहे, हे कळायला मात्र १९९० साल उजाडले.

१९९३ साली त्याच जनुकातील बिघाड रेटिनायटिस पिग्मेंटोसा झालेल्या काही माणसांतही सापडला. या रोगात आधी रातांधळेपणा येतो, मग नजर हळूहळू आकसत जाते. त्याच वर्षी कीलर यांच्या सत्तर वर्षे जपलेल्या काचपट्ट्यांवरील डीएनए तपासला गेला. बिघाड तोच निघाला! त्या शोधनिबंधाच्या लेखकांत नव्वदी ओलांडलेले कीलर स्वतः होते.

आमच्या सीमाभागात दिवेलागणीनंतर भिंत चाचपत चालणारे माणूस घरात असले, की कोणी पूर्वजांचा शाप म्हणे, कोणी सुनेच्या माहेराला बोल लावी. उंदरांनी शिकवले ते वेगळेच. अशा प्रकारच्या रोगात बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही येते. दोघांची नजर उत्तम असूनही प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. मामाची मुलगी करण्याची आपली रीत जुनी. पण रक्ताच्या नात्यात तेच बिघडलेले जनुक दोघांकडे असण्याचा संभव वाढतो.

सगळाच रातांधळेपणा आनुवंशिक नसतो, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावीही तो येतो. म्हणून आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. आणि घराण्यात हा दोष असेल, तर सोयरीक जुळवताना तो लपवू नये. त्यात दोष कोणाचाच नाही, सुनेचा तर नाहीच नाही.