गोळीच्या पट्टीवरील दोन नावे : १९७०च्या एका कायद्याचा इतिहास

१/ गारखेड्यातील एखाद्या औषध दुकानातून घेतलेल्या बहुतेक पट्ट्यांवर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, म्हणजे ब्रँड. दुसरे औषधी द्रव्याचे, उदा. पॅरासिटामॉल, हेच जेनेरिक नाव. या दोन नावांमागे स्वतंत्र भारतातील एक मोठा कायदेशीर संघर्ष दडलेला आहे.

२/ ब्रिटिशांनी केलेल्या १९११च्या पेटंट कायद्यानुसार औषधी द्रव्यावरच मक्तेदारी मिळत असे. वेगळ्या रीतीने तेच द्रव्य बनवणेही निषिद्ध होते. परिणामी स्वातंत्र्यानंतरही औषधांचा बाजार मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या हाती राहिला आणि दर चढेच राहिले.

३/ न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये या व्यवस्थेची चिकित्सा करणारा अहवाल दिला. त्याच्या आधारे १९७०चा पेटंट कायदा झाला व २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. आता पेटंट औषधाला नव्हे, केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेला. तेही जास्तीत जास्त ७ वर्षे.

४/ भारतीय कंपन्यांना मार्ग खुला झाला. गारखेड्यापासून फार दूर नसलेल्या चिकलठाण्यात, तसेच वाळूजला औषधांचे कारखाने उभे राहिले. मात्र एकच द्रव्य अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकू लागल्या. म्हणूनच आपल्याकडे ‘ब्रँडेड’ म्हणवणारे औषधही बहुधा जेनेरिकच असते. त्याला नाव तेवढे निराळे असते.

५/ १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीने ब्रँड नावे टप्प्याटप्प्याने हटवण्याची शिफारस केली. ती पूर्णतः कधीच अमलात आली नाही.

६/ या कायद्याचे फळ २००१ मध्ये जगाने पाहिले. एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराचा वार्षिक खर्च तेव्हा १०,००० डॉलरच्या वर होता. १९३५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिप्लाने तोच उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला.

७/ जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधांवरील पेटंट परतले. पण पळवाट नव्हे, तर वैध अपवाद कायद्यात राहिला. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला. बायरच्या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता; नॅटको कंपनीला तेच औषध ८,८८० रुपयांत विकण्याची अट घातली गेली.

८/ स्वस्ताईचा प्रश्न कायद्याने सोडवला, विश्वासाचा नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वोक्हार्टच्या वाळूज कारखान्यातील औषधांची आयात रोखली. २०१७ मध्ये भारतानेही ठरावीक गटांतील जेनेरिक औषधांना, ती मूळ औषधाइतकीच शरीरात शोषली जातात हे सिद्ध करणे बंधनकारक केले. औषधाची खात्री ना ब्रँड देतो, ना किंमत. ती देते काटेकोर तपासणी. १९७०च्या कायद्याचे अपुरे राहिलेले काम हेच आहे.