विमानाच्या आधी बनतं विमानाचं टूलिंग : जिग, फिक्स्चर आणि मोल्डची गोष्ट

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केलं. त्याच दिवशी तिथे एचएएलच्या तेजसच्या तिसऱ्या प्रॉडक्शन लाइनचं उद्घाटन झालं. वर्षाला ८ विमानं ही तिची क्षमता. उड्डाणाचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडला. बेंगळुरूला हे विमान आधीपासून बनतंय, ड्रॉइंग तयार आहेत. मग नवीन ‘लाइन’ म्हणजे नेमकं काय उभारलं? आमच्याकडे कोड कॉपी करून दुसऱ्या सर्व्हरवर टाकला की झालं!

याचं बरंचसं उत्तर एका शब्दात आहे: टूलिंग. इथे टूल म्हणजे पाना-स्क्रूड्रायव्हर नव्हे. एखादा भाग ठरलेल्या जागी धरून ठेवणारी चौकट म्हणजे फिक्स्चर. भाग धरता धरता ड्रिल कुठून जाईल हेही दाखवणारी ती जिग. आणि ज्याच्यावर भागाला आकार येतो तो मोल्ड, म्हणजे साचा. (विमानाच्या कारखान्यात घराएवढ्या चौकटीलाही सरसकट ‘असेंब्ली जिग’ म्हणतात, शब्दांवरून भांडू नका.)

सोपं उदाहरण लोणावळ्याच्या चिक्कीचं घ्या. घरी चिक्की लाटली की एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ होते. लाटण्याखाली दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा. आता लाटणारा नवखा असला तरी जाडी बदलणार नाही. अचूकपणा हातातून निघून पट्टीत गेला. टूलिंग म्हणजे एवढंच. पण पट्टीच चुकीची असेल तर? मग प्रत्येक चिक्की चुकेल, आणि सगळ्या सारख्याच चुकल्यामुळे लवकर लक्षातही येणार नाही.

तेजसचे पंख एल अँड टी कोइम्बतूरला बनवते. (आपल्या मावळात तळेगावलाही एल अँड टीचा संरक्षण कारखाना आहे, पण तिथे क्षेपणास्त्रांचे लाँचर वगैरे बनतात.) विमानाचा मधला भाग हैदराबादची व्हीईएम कंपनी देते. वेगवेगळ्या शहरांत बनलेले हे भाग जोडताना भोकासमोर भोक यायलाच हवं. कानशीने घासून बसवायची सोय नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या जिगवर ठरावीक संदर्भबिंदू असतात आणि लेझर ट्रॅकर नावाच्या यंत्राने ते मोजतात. हे यंत्र कित्येक मीटर लांबून मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरक सांगतं.

खरा शत्रू: तापमान

हा भाग मला सगळ्यात आवडतो. लोणावळ्यात जानेवारीत पहाटे १२ अंश आणि दुपारी ३० अंश असं समजू. १० मीटर लांब पोलादी चौकट या १८ अंशांत साधारण २ मि.मी. वाढते. तिच्यावर ठेवलेला ॲल्युमिनियमचा तेवढाच लांब भाग मात्र ४ मि.मी. वाढतो. म्हणजे सकाळी जुळणारी भोकं दुपारी जुळणार नाहीत, आणि यात कोणाचीच चूक नाही. त्यासाठी हॉलचं तापमान स्थिर ठेवावं लागतं, किंवा प्रत्येक मापात तापमानाचा हिशोब धरावा लागतो.

कार्बन फायबरमध्ये तर गंमत आणखी वाढते. नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ च्या फ्लोअर बीम, म्हणजे जमिनीखालच्या तुळया, कार्बन फायबरच्या बनवतात. असे कंपोझिट भाग साच्यावर रचून साधारण १८० अंशांपर्यंत भाजावे लागतात. ५ मीटरचा ॲल्युमिनियमचा साचा तेवढ्यात सुमारे १८ मि.मी. फुगेल. कार्बन फायबर जवळजवळ वाढतच नाही. गार होताना साचा आकसतो आणि भाग वाकतो किंवा अडकतो. म्हणून असे मोठे, अचूक साचे बऱ्याचदा इन्व्हारचे करतात. हा लोखंड आणि सुमारे ३६% निकेलचा मिश्रधातू. तो १८९६ मध्ये शार्ल गिलोम यांनी शोधला, आणि अशा निकेल-पोलाद मिश्रधातूंवरच्या कामासाठी १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तोच ५ मीटरचा साचा इन्व्हारचा केला तर वाढ दीड मि.मी.च्या आसपास राहते. पण इन्व्हार महाग, जड आणि मशीनवर कापायला चिवट. फुकट काहीच मिळत नाही.

टूलिंग लीड करतो काय?

डिझाइन पूर्ण होण्याची वाट बघत बसला तर जिग उशिरा येते, आणि जिग नाही तर विमान नाही. लवकर बनवायला घेतली आणि डिझाइन बदललं तर टनावारी लोखंड पुन्हा कापायचं. कोणतं माप आता पक्कं धरायचं आणि कुठे सरकवता येणारा लोकेटर ठेवायचा, हा निर्णय टूलिंग लीडचा. शिवाय कामगाराचा हात रिव्हेटपर्यंत पोहोचतो का, जोडून झाल्यावर भाग जिगमधून बाहेर निघतो का, हेही त्यालाच बघावं लागतं. हसू नका, कागदावर हे सहज निसटतं.

चूक किती महाग पडते ते ७८७ मध्येच दिसलं. सांध्यांमधल्या फटी ०.००५ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ०.१३ मि.मी. पेक्षा, मोठ्या निघाल्या. फट भरायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, काही ठिकाणी बरोबर मापाच्या नव्हत्या. भाग जोर लावून एकमेकांवर ओढले की फट तेवढ्यापुरती मिटते आणि मापात सापडत नाही. अशा तपासण्या आणि दुरुस्त्यांपायी २०२० च्या अखेरीपासून ऑगस्ट २०२२ पर्यंत मधला थोडा काळ सोडला तर ७८७ ची डिलिव्हरी बंद होती.

विमान बंद झालं तरी टूलिंगचं महत्त्व संपत नाही. अमेरिकेने एफ-२२ ची लाइन बंद केल्यावर तिचं टूलिंग कॅलिफोर्नियातल्या लष्करी डेपोत जपून ठेवलं. सुटे भाग पुन्हा करायची वेळ आली तर नुसत्या ड्रॉइंगवर भागत नाही.

या कामाला यायला एरोनॉटिकलचीच डिग्री लागते असं नाही. आयटीआयमध्ये ‘टूल अँड डाय मेकर’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्याची एक शाखा थेट जिग-फिक्स्चरची. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. मेकॅनिकल इंजिनिअर असाल तर कॅडसोबत जीडी अँड टी, म्हणजे मापांची आणि सवलतींची खुणांची भाषा, नीट शिका. तळेगाव, चाकण, भोसरीच्या टूल रूममध्ये गाड्यांची फिक्स्चर करणारी मुलं ही भाषा रोज वापरतात. विमानात सवलत कमी मिळते आणि कागदपत्रं जास्त भरावी लागतात, पण खुणा त्याच.