अर्थशास्त्रातील पीएच.डी. (यवतमाळ जिल्हा)

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या (स्थापना १९८३) कक्षेत येतात. त्याआधी ती नागपूर विद्यापीठाकडे होती. पदवी अमरावतीची असली तरी किमान अटी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांतून येतात.

पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. राखीव व आर्थिक दुर्बल गटांना, तसेच दिव्यांगांना ५ टक्के सवलत आहे. प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क असते, त्यात संशोधन व प्रकाशनाची नीतितत्त्वे अनिवार्य. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आठ, आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दहा वर्षांपर्यंत. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करणाऱ्यांना नियोक्त्याचे ना-हरकत पत्र द्यावे लागते. गाईड मिळणे ही मात्र कागदावर न दिसणारी पहिली परीक्षा: प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात.

खरा कस क्षेत्रीय कामात लागतो. कापूस, कर्ज, बचत गट हे इथले नेहमीचे विषय, आणि प्रश्नावली भरून घेणे वाटते तितके सरळ नाही. बँकेच्या पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर दिसतो. सावकाराकडची उधारी तिथे नसते, आणि अनोळखी माणसासमोर ती कुणी सहसा कबूल करत नाही. वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याला बसवून तासभर विचारणेही बरे नव्हे. म्हणून केवळ टक्केवारीच्या कोष्टकांनी फुगलेला प्रबंध जाड असला तरी पोकळ निघू शकतो. दर सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण असते. ही पोकळी तिथेच पकडली जायला हवी.

शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ मध्ये गेली. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक तपासतात. अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा, म्हणजे व्हायवा. पदवीपूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे जाते आणि ‘शोधगंगा’वर ती कुणालाही वाचता येते. पूर्वी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मात्र पदवीसाठी प्रबंधाच्या छापील प्रती द्याव्या लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा तिथला प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपात निघाला आणि पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये. तोवर लंडनची डी.एस्सी. त्यांच्या नावापुढे लागलेली होती.