तांबड्या समुद्रातील कर्बाम्लवायू

गोटीच्या सोडावॉटरची बाटली फोडताना जो वायू फसफसत नाकात शिरतो, त्याच वायूच्या जोरावर एके काळी गोठविलेले मांस विषुववृत्त ओलांडून लंडनच्या गोदीत शाबूत उतरत असे. १८९० साली डार्टफर्डच्या जे. अँड ई. हॉल या कंपनीने दक्षिण अमेरिकेच्या ला प्लाता नदीशी व्यापार करणाऱ्या 'हायलँड चीफ' जहाजावर कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे जुन्या मराठीतील कर्बाम्लवायूचे, शीतयंत्र बसविले, आणि तेथून पुढे कित्येक दशके ब्रिटिश जहाजांच्या थंड तळघरांवर या वायूची हुकूमत चालली.

ही नेमणूक वशिल्याची नव्हती. १८८० साली ऑस्ट्रेलियाचे मांस घेऊन लंडनला पोहोचलेले 'स्ट्रॅथलेव्हन' आणि १८८२ सालचे न्यूझीलंडचे 'ड्युनेडिन' ही जहाजे हवा दाबून पुन्हा फुलविणाऱ्या यंत्रांवर विसंबली होती, आणि ती यंत्रे जागा व कोळसा यांचा फडशा पाडीत. दुसरा पर्याय अमोनियाचा; तो काटकसरी खरा. पण बंदिस्त जहाजात तो गळला म्हणजे खलाशांची जी गत होई तिची धास्ती मालकांना होती, शिवाय तांब्याच्या नळ्यांशी त्याचे हाडवैर. फ्रान्झ विंडहाउझेन या जर्मन अभियंत्याने १८८६ साली कर्बाम्लवायूच्या यंत्राचे पेटंट घेतले व हॉल कंपनीने त्याचे हक्क खरेदी केले, ते या वायूला जळणे, सडविणे, दुर्गंध हे दोष नव्हते म्हणून. (गंध नसणे हाही निर्भेळ गुण नव्हे, कारण कोंडलेल्या जागेत हा वायू साचला तर तो कोणालाही इशारा न देता गुदमरवून मारतो.)

परंतु या गुणी वायूच्या अंगी एक जन्मजात खोड होती, आणि ती यंत्र जन्मण्यापूर्वीच उघड झाली होती. बेलफास्ट येथील टॉमस अँड्र्यूज याने १८६९ साली सिद्ध केले होते की, सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. शीतयंत्राचे सारे रहस्य तर वायूला दाबून, समुद्राच्या पाण्याने निववून, त्याचा द्रव करण्यात आणि तो द्रव झडपेतून सोडून पुन्हा उकळू देण्यात! अमोनियाची ही मर्यादा १३२ अंशांवर असल्यामुळे त्याला कोणताही समुद्र चालतो. कर्बाम्लवायूला मात्र उत्तर अटलांटिकात जे पाणी मानवे ते उन्हाळ्यातील तांबड्या समुद्रात, किंवा वैशाखात मुंबईसमोर, जेथे पाणी स्वतःच ३० अंशांच्या आसपास असते, मानवत नसे.

अशा वेळी यंत्रखोलीत काय घडत असेल त्याचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही: वाफेचे इंजिन धापा टाकीत चालले आहे, दाबमापकाचा काटा सत्तर वातावरणांच्या पुढे सरकला आहे, नळ्यांत द्रव असा उरलेलाच नाही, आणि तळघरातील थंडी तासागणिक ओसरते आहे. यावर जाणत्यांनी शोधलेली तोड वरवर उफराटी होती. दाब आधीच भयंकर असता पोलादी नळकांड्यातून आणखी वायू यंत्रात सोडून तो अधिकच वाढवावयाचा. कारण द्रव न झालेला वायूही अधिक दाबाखाली निववला तर अधिक उष्णता टाकतो, आणि गेलेली थंडी बरीचशी परत येते. गार्डनर व्हूर्हीस या अमेरिकनाने १९०५ साली द्रव झडपेतून सुटताना वाटेत तयार होणारी वाफ मधल्या दाबावरच संपीडकात, म्हणजे वायू दाबणाऱ्या यंत्रात, घेण्याची तजवीज पेटंट केली. १९२८ साली जपानी अभियंता इनोकुटी याने तर कोणत्या उष्णतेस कोणता दाब सर्वांत किफायतीचा, हे आलेखाने शोधण्याची रीतच मांडली, कारण दाब वाढविताना इंजिनाचा खर्चही वाढतो आणि एका मर्यादेपलीकडे तो व्यवहार तोट्याचा होतो. वायू ४० अंशांपर्यंतच निवत असेल तर ही मर्यादा १०० वातावरणांच्या जवळपास पडते.

एवढे ज्ञान हाती असूनही ते दप्तरात बांधून ठेवले गेले. १९३०च्या सुमारास आलेल्या फ्रेऑन या कृत्रिम शीतवायूला ना दाबाची कटकट ना उष्ण पाण्याची तक्रार, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कर्बाम्लवायूची यंत्रे एकेक करून मोडीत निघाली. फ्रेऑनने ओझोनचा थर पोखरल्याचे निष्पन्न होऊन १९८७चा माँट्रियल करार झाला, तेव्हा नॉर्वेतील ट्रॉन्डहेमचे प्राध्यापक गुस्ताव लोरेन्ट्सेन यांनी जुना वायू पुन्हा पुढे आणला व दाब परिस्थितीनुसार आपोआप बदलणाऱ्या यंत्राचे पेटंट मागितले. खलाशी नळकांडे उघडून जे करीत तेच आता झडप करू लागली.

तरीही युरोपातील व्यावसायिक 'सीओटूचे विषुववृत्त' अशी एक काल्पनिक रेषा काढीत, जिच्या दक्षिणेस हे यंत्र परवडत नाही. व्हूर्हीसच्या कल्पनेची वंशज अशी समांतर संपीडके आणि वाया जाणारा दाब कामी लावणारे इजेक्टर यांनी ती रेषा दक्षिणेकडे हटवीत नेली. २०१८ साली जॉर्डनच्या अम्मानमधील एका मोठ्या दुकानात असे यंत्र सुरू झाले.

नागपूरच्या मे महिन्यात, जेथे पारा ४५ अंशांना शिवतो, तेथील शीतगृहासाठी निव्वळ विजेच्या हिशेबात अमोनियाच आजही सरस ठरेल. कर्बाम्लवायूचा खरा दावा आहे तो फ्रेऑनच्या वारसांविरुद्ध, आणि माझ्या मते तो त्याच्या बाजूने निकाली लागण्याच्या बेतात आहे.