उजेडाचा कामगार

१९८८ साली गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवर लागली, तेव्हा आम्ही विशीच्या आतबाहेर होतो. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी संच एकच, आणि त्याच्यापुढे सारी आळी बसलेली. ज्यांनी रझाकारी डोळ्यांनी पाहिली होती ती म्हातारी माणसे फाळणीची ती आग पाहून गप्प होत. शेवटी नावे येऊ लागली, की मात्र जो तो घोंगडे झटकून उठे. त्या नावांत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांचे नाव होते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

मूर्ती मूळचे म्हैसूरचे. जन्म १९२३ चा. बंगळूरच्या तंत्रशाळेत छायालेखन शिकून ते मुंबईस आले. ‘बाझी’च्या (१९५१) वेळी ते साहाय्यक होते. एक अवघड चित्रण त्यांनी सुचवले आणि करून दाखवले; गुरुदत्तांनी हा माणूस हेरला, आणि पुढच्याच ‘जाल’पासून कॅमेरा त्यांच्या हाती दिला. ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’ हे चित्रपट त्यांच्याच छायालेखनाचे. ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप. त्यातल्या एका गाण्यात छतावरून उन्हाचा झोत उतरतो. स्टुडिओबाहेर एक मोठा आरसा, वर मचाणावर दुसरा. बाहेरचे ऊन पहिल्याने दुसऱ्यावर टाकले आणि दुसऱ्याने खाली आणले! दिव्याला जे साधले नसते ते सूर्याकडून करवून घेतले. पण श्रोतेहो, ते आरसे मचाणावर कोणी चढवले? त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

गुरुदत्त १९६४ साली गेले. मूर्तींचे काम थांबले नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले निहलानी १९७१ साली मराठी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे छायालेखक झाले, पुढे दिग्दर्शक झाले. आणि ‘तमस’च्या वेळी त्यांनी कॅमेऱ्यामागे आपल्या गुरूंनाच बोलावले. ज्या हाताने सिनेमास्कोपचा भव्य पडदा भरला होता, त्याच हाताने साठी उलटल्यावर आमच्या गावातला तो वीतभर पडदा भरला. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’चे छायालेखनही त्यांचेच. २००८ सालचा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. छायालेखकाला तो मिळण्याची ती पहिली वेळ. २०१४ साली ते निवर्तले.

पडदा लहान झाला म्हणून कामगाराचे कसब लहान होत नाही. कायद्याला मात्र हे उशिरा उमगले. चित्रपट-कामगारांशी लेखी करार केलाच पाहिजे, असा कायदा १९८१ साली झाला. पण तो कथापटापुरता, आणि त्यातही ठरावीक कमाईच्या आतल्यांपुरता. तोच माणूस दुसऱ्या दिवशी मालिकेवर वा गाण्याच्या चित्रफितीवर गेला, की तो कायदा वेशीवरच थांबे. २०२० सालच्या श्रमसंहितेने मालिका आणि जाहिरातीही लेखी कराराच्या कक्षेत आणल्या. तोवर जवळजवळ चाळीस वर्षे गेली होती.

आम्ही आयुष्य ऊसतोड कामगारांत काढले. आमचा कोयता एका हंगामात सांगली-कोल्हापुरात, तर दुसऱ्या हंगामात कर्नाटकात. उचल मुकादमाच्या वहीत लिहिलेली असते. कामगाराच्या हाती मात्र कागद नसतो. म्हणून मूर्तींची ही हकिकत आम्हांस परकी वाटत नाही. कारखाना बदलो की पडदा बदलो, काम करणारा तोच असतो. हक्कही त्याच्या कामाबरोबर चालत गेला पाहिजे.

तेव्हा यापुढे खेळ संपला तरी लगेच उठू नका. नावे संपेपर्यंत बसा. आणि ज्यांची नावे तेथेही येत नाहीत, त्यांच्या हाती कागद आहे काय, एवढे विचारा.